सिग्माच्या पायाशी

सिडनीच्या पश्चिमेला टूनगॅबी नावाचे उपनगर आहे. तिथल्या एखाद्या मराठी घरातली मुलगी एचएससीच्या गणिताची टिपणे संगणकावर उतरवू लागली, की पडद्यावर एक गोष्ट आपोआप घडते आणि बहुधा तिच्या लक्षातही येत नाही. वाक्याच्या ओघात तिने 'लिम' लिहून त्याला 'एक्स शून्याकडे जाताना' ही अट जोडली, तर ती अट 'लिम'च्या उजव्या अंगाला, किंचित खाली, बारीक अक्षरांत बसते. तेच सूत्र तिने स्वतंत्र ओळीत मधोमध घेतले, तर तीच अट 'लिम'च्या बरोबर खाली, मध्य साधून उभी राहते. बेरजेच्या सिग्माचेही तसेच: ओघात त्याच्या सीमा शेजारी, स्वतंत्र ओळीत डोक्यावर आणि पायाशी. इंटिग्रलच्या सीमा मात्र दोन्हीकडे बाजूलाच राहतात, आणि 'लॉग'चा पाया कुठेही लिहिला तरी पोटाखाली सरकत नाही. यातले काहीच तिने ठरवलेले नसते. या छोट्याशा शहाणपणामागे साडेतीनशे वर्षांची वाट आहे, आणि ती पॅरिस, मुंबई, पुणे, कॅलिफोर्निया अशी फिरत पुन्हा सिडनीला येते. आपण ती सुरुवातीपासून चालून पाहू.

अंकाची जागा बदलली की अर्थ बदलतो, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी. बखशाली हस्तलिखितात मिळवण्यासाठी 'यु', भागण्यासाठी 'भा', गुणण्यासाठी 'गु' अशी आद्याक्षरे येतात. क्रियेला स्वतंत्र आकृती नव्हती, शब्दाचे पहिले अक्षर हेच तिचे चिन्ह होते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्यांच्या परंपरेत अपूर्णांक लिहिताना अंश वर आणि छेद खाली येई, पण मध्ये रेघ नसे. ऋण संख्या दाखवायला अंकाच्या डोक्यावर टिंब देत. रेघेवाचून अपूर्णांक ओळखता येत असे, कारण वर कोण आणि खाली कोण एवढ्यानेच काम भागे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठाला दिलेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख आहे. तेव्हा खानदेशात ज्या पाठांतून विद्यार्थी शिकत, त्यांत वर-खाली हा लेखनाचा भाग होताच. मात्र क्रियेच्या चिन्हालाच 'इथून तिथपर्यंत' असे बंधन घालायची गरज त्या गणिताला पडली नव्हती. ती गरज युरोपात अनंत बेरजांबरोबर जन्मली.

२९ ऑक्टोबर १६७५ रोजी गॉटफ्रीड लायब्निझने आपल्या टिपणांत 'सुम्मा' या लॅटिन शब्दाचा लांब 'एस' काढला आणि इंटिग्रलचे चिन्ह जन्माला आले. छापात ते यायला १६८६ उजाडले. या लांबोड्या 'एस'ला वर-खाली काहीही नव्हते. कोठून कोठपर्यंत बेरीज करायची ते शेजारच्या वाक्यात सांगितले जाई. १७५५ मध्ये लिओनार्ड ऑयलरने कलनशास्त्रावरील ग्रंथात बेरजेसाठी ग्रीक सिग्मा वापरला, तोही उघडा. पुढे इंटिग्रलला मर्यादा घालायची वेळ आली तेव्हा ऑयलरने सूत्राशेजारी कंस उघडून त्यात लॅटिनमध्ये 'इथपासून' आणि 'इथपर्यंत' असे सरळ शब्दच लिहिले. सीमा अशा रीतीने आधी वाक्य म्हणून अवतरली आणि आकृतीचा अवयव नंतर झाली, हे आपण लक्षात ठेवू. या कथेच्या शेवटी ते कामाला येईल.

ते शब्द गाळून सीमा थेट चिन्हाला टेकवण्याचे श्रेय जोसेफ फूरियेला जाते. उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना त्याला एकाच पानावर अनेक निश्चित इंटिग्रले लिहावी लागत, आणि प्रत्येकाशेजारी कंसातले वाक्य देणे जड जाई. १८२२ च्या 'उष्णतेचा विश्लेषणात्मक सिद्धान्त' या ग्रंथात त्याने खालची सीमा इंटिग्रलच्या तळाशी आणि वरची सीमा माथ्याशी ठेवली. पुढच्याच वर्षी ओगुस्तँ कोशीने आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात ही रीत उचलली आणि ती युरोपभर रुळली. लेखणीने लिहिणाऱ्याला तिची काहीच अडचण नव्हती, कारण लेखणी कागदावर हवी तिथे जाते. अडचण आली ती छापखान्यात. तिथे प्रत्येक अक्षर शिशाच्या चौकोनी ठोकळ्यावर उभे असते आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा तर ओळीची उंचीच बदलते.

फूरियेचा ग्रंथ आला त्याच १८२२ साली टूनगॅबीच्या शेजारी, पॅरामॅटा येथे, गव्हर्नर थॉमस ब्रिस्बेनने वेधशाळा उभारली. टूनगॅबी तेव्हा वसाहतीच्या अगदी पहिल्या शेतांपैकी एक होते. १७९१ मध्ये तिथे कैद्यांकडून सरकारी शेती सुरू झाली होती. १७८८ च्या पहिल्या गलबतांच्या ताफ्याबरोबर लाकडी छापयंत्र आले होते, पण ते चालवणारा हात मिळेपर्यंत काही वर्षे ते पडून राहिले. 'सिडनी गॅझेट'चा पहिला अंक निघाला ५ मार्च १८०३ रोजी. सरकारी हुकूम आणि जाहिराती छापणाऱ्या अशा छापखान्याकडून ताऱ्यांच्या गणिताची अपेक्षा करणे शक्य नव्हते. पॅरामॅटात कार्ल र्‍युम्कर आणि जेम्स डनलॉप यांनी घेतलेल्या वेधांवरून तयार झालेली ७,३८५ ताऱ्यांची सूची अखेर १८३५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. गणिताची जुळणी ही मोजक्या शहरांतल्या मोजक्या कारागिरांची विद्या होती, आणि वसाहतीतले आकडे छापासाठी समुद्र ओलांडून जात.

मुंबईची गोष्ट याच काळात वेगळ्या वळणाने जात होती. मराठीने छापाशी जुळवून घेण्याचा खटाटोप फार आधी केला होता. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून देवनागरी खिळ्यांत निघाले. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत गणिताची मराठी पुस्तके तयार होऊ लागली, आणि त्याच काळात शिळाछापही तिथे आला. शिळेवर छापायचे म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताची नक्कल दगडावर उमटवायची. तिथे मात्रा, रफार, अपूर्णांक, वरची सीमा, खालची सीमा, सगळे लेखणीच्या मर्जीने बसते. १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा उभी राहिली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत, त्यांनी या वेधशाळेची धुराही काही काळ वाहिली, आणि कलनशास्त्रावर मराठीत 'शून्यलब्धिगणित' लिहिले. त्यांच्या प्रभावळीतले केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनांची कोष्टके' १८६० ची. लायब्निझ-ऑयलरचे गणित मराठीत उतरवण्याचे धाडस करणारी ही पिढी होती, आणि त्या गणितासाठी लागणारी चिन्हे मराठी मजकुरात बसवण्याची जबाबदारी जुळाऱ्यावर येऊन पडत होती.

हा मराठी जुळारी मात्र एका बाबतीत लंडनच्या जुळाऱ्यापेक्षा तयार होता. रोमन अक्षरे एकापुढे एक उभी केली की ओळ होते. देवनागरीत प्रत्येक ओळीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा पसारा असतो. खिळे ओतणाऱ्यांनी यावर दोन उपाय काढले. एकात खुणा अक्षरालाच जोडून अखंड खिळा ओतायचा, मग खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढायची. दुसऱ्यात मधल्या अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या खुणेचा वेगळा आणि खालच्या खुणेचा वेगळा ठेवून ओळ तीन थरांत जुळवायची. या रीतीला छापखान्यात 'डिग्री' म्हणत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे राणोजी रावजी आरू यांच्या हातून घडले आणि त्यांच्या वळणाची कीर्ती दूरवर गेली. तीन थरांत हात चालवणाऱ्या कारागिराला सिग्माच्या डोक्यावर 'एन' आणि पायाशी 'आय बरोबर एक' बसवणे म्हणजे नेहमीच्याच कामाचा मोठा आकार होता. फरक एवढाच, की उकाराची जागा वर्णमालेने कायमची ठरवली आहे, आणि सिग्माच्या सीमेची जागा कोणीच ठरवली नव्हती.

ती ठरवली छापखान्याच्या काटकसरीने. ओळींतले अंतर शिशाच्या पातळ पट्ट्यांनी राखलेले असते. परिच्छेदाच्या मध्ये एखाद्या सिग्माला वर-खाली सीमा दिल्या, तर तेवढ्या एका ओळीसाठी वरची आणि खालची ओळ दूर सारावी लागते आणि पान विस्कटलेले दिसते. म्हणून ओघातल्या सीमा चिन्हाच्या कडेला खेचल्या गेल्या. स्वतंत्र ओळीत जागा मुबलक, तिथे त्या मूळच्या ठिकाणी राहिल्या. इंटिग्रल मुळातच उंच आणि तिरके. त्याच्या वर-खाली आणखी मजकूर दिला तर स्वतंत्र ओळही फुगते, म्हणून इंग्रजी-अमेरिकी छापखान्यांनी त्याच्या सीमा बाजूला ठेवल्या. जर्मन ग्रंथांत इंटिग्रल उभे काढायची, आणि जर्मन व रशियन अशा दोन्ही ग्रंथांत सीमा त्याच्या डोक्या-पायाशी द्यायची चाल दीर्घकाळ टिकली. 'लिम'चा प्रवास निराळा. सिमों ल्युइलिएने १७८६ मध्ये हे संक्षेपाक्षर वापरले. कार्ल व्हायरश्ट्रासच्या काळात त्याच्या खाली अट आली, पण ती बरोबरीच्या चिन्हाने लिहीत. बाणाची खूण जॉन लेदमने १९०५ मध्ये आणली आणि जी. एच. हार्डीच्या १९०८ च्या 'अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स'ने ती घरोघरी पोहोचवली. विसाव्या शतकाच्या आरंभी ही घडी बसली होती. पण ती कुठल्या पुस्तकात नियम म्हणून कमी आणि जुळाऱ्याच्या बोटांत जास्त होती.

यंत्र आले तेव्हा या बोटांतल्या ज्ञानाची किंमत कळली. मोनोटाइप यंत्रावर कळफलक दाबून कागदी फितीला भोके पाडत आणि त्या फितीवरून दुसरे यंत्र एकेक खिळा ओतून ओळ तयार करी. सरळ मजकुराला ही सोय उत्तम होती. गणित मात्र अशा यंत्राच्या दृष्टीने त्रासाचा ऐवज होता; इंग्रजी छापखाने त्याला 'पेनल्टी कॉपी' म्हणत आणि जास्तीचा दर लावीत. ऑक्सफर्डच्या छापखान्याने १९५४ मध्ये गणिताच्या छपाईवर एक पुस्तकच काढले, आणि त्यात लेखकांनाच समजावले की चिन्हे अशी निवडा, की जुळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येणार नाही. त्याच दशकात मोनोटाइपने गणिताची एक ओळ चार पातळ ओळींत फोडून जुळवण्याची पद्धत आणली. त्यामुळे घातांक आणि पादांक कळफलकावरून येऊ लागले. मोठ्या चिन्हांसाठी मात्र मोकळी जागा सोडत आणि मागाहून कारागीर चिमट्याने ती चिन्हे त्यात बसवी. सिग्मा शेवटपर्यंत हाताचाच राहिला.

मग छपाईतून शिसेच गेले. फोटोच्या फिल्मवर अक्षर उमटवणारी यंत्रे आली, चिमटा आणि ठोकळा दोन्ही निकामी झाले, आणि जुळाऱ्याच्या बोटांतले ज्ञान कोठे तरी लिहून ठेवण्याची निकड निर्माण झाली. हे पहिल्यांदा नेटकेपणाने केले बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निहॅन आणि लोरिंडा चेरी यांनी. त्यांच्या 'ईक्यूएन' या आज्ञावलीचे वर्णन करणारा लेख मार्च १९७५ मध्ये आला. गणित न जाणणाऱ्या टंकलेखकालाही सूत्र कानाने ऐकून टंकित करता यावे, ही तिची धारणा होती. म्हणून त्यांनी पादांकासाठी 'सब' आणि घातांकासाठी 'सुप' हे शब्द ठेवले, पण बेरजेच्या सीमांसाठी वेगळे शब्द निवडले: 'फ्रॉम' आणि 'टू'. 'सम फ्रॉम आय बरोबर शून्य टू अनंत' असे लिहिले की सीमा सिग्माच्या खाली-वर जात. ऑयलरच्या कंसातले 'पासून' आणि 'पर्यंत' दोनशे वर्षांनी जसेच्या तसे परत आले होते. जागा कोणती ते यंत्र पाहील, माणसाने नाते सांगावे, हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

दोनच वर्षांनी डोनाल्ड कनूथने वेगळी वाट धरली. स्टॅनफर्डच्या या संगणकशास्त्रज्ञाच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड मोनोटाइपवर जुळवला होता. १९७७ च्या वसंतात दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती पडली ती फोटोवरची, आणि ती पाहून तो इतका खट्टू झाला की त्या वर्षीच्या मे महिन्यात 'टेक्' या आज्ञावलीचा आराखडा लिहायला बसला. चांगले गणित दिसते कसे हे ठरवण्यासाठी त्याने १९१० च्या सुमाराचे 'आक्टा मॅथेमॅटिका'चे आणि १९५० च्या सुमाराचे डच 'इंडागातिओनेस'चे अंक समोर ठेवले, म्हणजे मेलेल्या कारागिरांच्या कामावरून त्यांचे नियम उलगडायला घेतले. ४ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकी गणित परिषदेपुढे त्याने याच विषयावर गिब्ज व्याख्यान दिले. 'टेक्'मध्ये सीमांसाठी वेगळा शब्द नाही. पादांकाची खालची रेघ आणि घातांकाचे वरचे टोक हीच दोन चिन्हे सगळ्यांना लागू. फरक कळतो तो चिन्हाच्या जातीवरून. प्रत्येक गणिती चिन्ह साधे, क्रियावाचक, जोडणारे, संबंध दाखवणारे, उघडणारे, मिटणारे किंवा विरामाचे, अशा एखाद्या वर्गात घातलेले असते. चिन्ह मोठ्या क्रियेचे असले आणि सूत्र स्वतंत्र ओळीत असले, तर खाली लिहिलेले मध्यावर जाते, नाहीतर शेजारी.

कनूथच्या या नियमांचा तपशील १९८४ च्या 'द टेक्‌बुक'च्या एका परिशिष्टात आहे, आणि तो वाचताना चिमटा धरलेला हात दिसल्यावाचून राहत नाही. चिन्ह आणि सीमा यांच्यात किती फट सोडायची, यासाठी गणिताच्या मोठ्या चिन्हांच्या फाँटमध्ये पाच आकडे नोंदवलेले असतात. कनूथच्या स्वतःच्या दहा पॉइंटच्या फाँटमध्ये वरची किमान फट १.१११ पॉइंट, खालची १.६६७ पॉइंट, तळरेषेपासून किमान अंतर वरच्या सीमेला २ आणि खालच्या सीमेला ६ पॉइंट, आणि शेवटी दोन्हीकडे १ पॉइंट मोकळीक. इंटिग्रल तिरके असल्यामुळे त्याच्या सीमा वर-खाली द्यायच्याच झाल्या, तर वरची तिरकेपणाच्या निम्म्याने उजवीकडे आणि खालची तेवढीच डावीकडे सरकते. 'लिम', 'मॅक्स', 'सुप', 'इन्फ' यांना सीमा खाली घेण्याची मुभा आहे. 'लॉग', 'साइन' यांना ती नाही, कारण लॉगचा पाया हा सीमा नव्हे, तो त्याच्या नावाचाच भाग. आणि कोणाला नियम मोडायचाच असेल तर 'लिमिट्स' आणि 'नोलिमिट्स' या दोन आज्ञा हाताशी ठेवल्या.

नियम लिहिले गेले की अपवाद उजेडात येतात. 'सुप' आणि 'इन्फ' एकाच ओळीत शेजारी आले तर त्यांच्या खालच्या अटी एका रेषेत बसत नाहीत, कारण रोमन 'पी'ला खाली शेपूट असते आणि ती अटीला आणखी खाली ढकलते. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. 'कु'चा उकार आणि 'ट्ठु'चा उकार एका उंचीवर राहत नाहीत. उपाय म्हणून लेखक 'इन्फ'च्या मागे तेवढ्याच खोलीचा अदृश्य टेकू लावतात. 'आर्ग मॅक्स' हे दोन शब्दांचे चिन्ह. सुटे लिहिले की अट फक्त 'मॅक्स'खाली बसते आणि 'आर्ग' उघडा पडतो. बेरजेच्या सिग्माला डोक्याशेजारी एक छोटी तिरकी खूण द्यायची असली, तर स्वतंत्र ओळीत ती शेजारी न बसता थेट डोक्यावर चढते. मायकेल स्पिवॅकने अमेरिकी गणित परिषदेसाठी 'एएमएस-टेक्' रचले. लेस्ली लॅम्पोर्टने 'टेक्'वर उभारलेल्या 'लाटेक्'साठी परिषदेने १९९० पासून जोडसंच दिला आणि त्यात या सगळ्या खटपटींना पक्की घरे मिळाली. खालच्या अटी दोन-तीन ओळींत रचण्याची सोय झाली, सिग्माच्या चारही कोपऱ्यांना खुणा देता येऊ लागल्या, इंटिग्रलच्या सीमा युरोपीय रीतीने वर-खाली घेण्याचा पर्याय एका शब्दावर आला. सर्वांत मोलाची ठरली ती स्वतःचे क्रियाचिन्ह जाहीर करण्याची आज्ञा. तिच्या शेवटी छोटा तारा दिला तर त्या चिन्हाच्या सीमा खाली जातात, न दिला तर शेजारी.

देवनागरी या रस्त्याला लागली ती १९९१ मध्ये, नेदरलँड्समधल्या फ्रान्स व्हेल्टहाउसने 'टेक्'साठी देवनागरी अक्षरसंच आणि मजकूर रूपांतरित करणारी आज्ञावली तयार केली तेव्हा. त्याआधीचा आणि त्यानंतरचाही बराच मराठी मजकूर पुण्यातल्या सी-डॅकच्या किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'सारख्या साधनांवर जुळत होता, आणि गणिताची सूत्रे वेगळी करून पानावर चिकटवली जात. २००४ मध्ये जोनाथन क्यूने 'झीटेक्' आणले आणि युनिकोडमधले मराठी व गणित एकाच मजकुरात थेट लिहिणे सोपे झाले. आता 'मसावि' आणि 'लसावि' यांनाही क्रियाचिन्हाचा दर्जा देता येतो. तिथे पुन्हा तीन थरांचा जुना प्रश्न समोर उभा राहतो: 'मसावि'च्या वेलांटीने वरची उंची वाढते, आणि चिन्हाच्या नावात उकार असला तर पायाची अट खाली सरकते. 'डिग्री'चा जुळारी हे हाताने सावरत होता. आता फाँटमधले आकडे आणि लेखकाने दिलेला टेकू मिळून ते सावरतात.

इथवर जागेचा प्रश्न डोळ्यांपुरता होता. तो कानांसाठी सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका पुणेकराने केला. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा पुण्यातला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते आयआयटी मुंबईत आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ मध्ये त्यांनी तिथे 'अ‍ॅस्टर' ही प्रणाली प्रबंध म्हणून सादर केली. 'लाटेक्'मधला मजकूर वाचून त्यातले गणित बोलून दाखवणारी ही प्रणाली होती, आणि तिचे नाव त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीवरून ठेवलेले होते. त्या वर्षीच्या संगणकशास्त्रातल्या प्रबंधांत तिला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. पादांक आला की आवाज खालच्या पट्टीत जाई, घातांक आला की वरच्या. पण सिग्माखाली लिहिलेले 'आय बरोबर एक' खालच्या पट्टीत म्हणून भागत नव्हते. ऐकणाऱ्याला तिथे 'आय बरोबर एक पासून एन पर्यंत बेरीज' हवे असते, आणि 'लॉग'खालचा 'दोन' ऐकताना 'पाया दोन'. कागदावर तिन्ही खुणा जवळपास एकाच जागी असतात. रामन यांना त्या जागेमागचे नाते ओळखावे लागले, म्हणून त्यांनी सूत्राचा सांगाडा आधी उभा केला आणि वाचनाचे नियम त्याला जोडले. कनूथने कारागिराचा हात अभ्यासून जागेचा नियम काढला होता. रामन यांनी त्या नियमातून अर्थ परत मिळवला.

हाच विचार पुढे प्रमाण झाला. एप्रिल १९९८ मध्ये संकेतस्थळांसाठी आलेल्या 'मॅथएमएल'ने शेजारच्या पादांकाला एक खूण आणि खालच्या सीमेला दुसरी खूण दिली. शिवाय ओघात जागा बदलू शकणाऱ्या सीमांसाठी वेगळा गुणधर्म ठेवला, जो सिग्माला लागू होतो आणि साध्या अक्षराला होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या वर्डमध्ये फाँटच्या पोटात गणिताची सारणी आली. त्यातली वरच्या आणि खालच्या सीमेची अंतरे कनूथच्या पाच आकड्यांची थेट वंशज आहेत. सिडनीत, टूनगॅबीहून फार दूर नसलेल्या मॅक्वॉरी विद्यापीठात, रॉस मूर या गणितज्ञाने 'लाटेक्'चे पान संकेतस्थळावर नेणारी आज्ञावली अनेक वर्षे सांभाळली आणि विकसित केली. २००९ पासून त्याने 'लाटेक्'मधून निघणाऱ्या पीडीएफमध्ये प्रत्येक सूत्राची भूमिका आतून नोंदवण्याच्या प्रयोगांवर लेख प्रसिद्ध केले. सुगम्य पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले, आणि २०२० पासून 'लाटेक्' सांभाळणाऱ्या चमूने हे काम मोठ्या प्रकल्पाच्या रूपात हाती घेतले. पॅरामॅटाचे आकडे छापायला लंडन गाठावे लागत होते, त्या प्रदेशातूनच गणित छापण्याच्या आणि ऐकवण्याच्या नव्या रीती आता जगाकडे जात आहेत.

आज आपण या वाटेच्या ज्या टप्प्यावर उभे आहोत, तिथे कामाची वाटणी स्पष्ट झाली आहे. ऑयलरने शब्दांत सांगितलेले नाते फूरियेने जागेत रूपांतरित केले, छापखान्याने त्या जागेला काटकसरीचे वळण दिले, कनूथने ते वळण नियमांत बांधले, आणि रामन व मूर यांच्या पिढीने नियमातून नाते पुन्हा बाहेर काढले. रूढ चिन्हांसाठी लेखकाने आता भूमिका सांगावी आणि जागा साधनाने ठरवावी. स्वतःचे नवे चिन्ह घडवणाऱ्याला मात्र एक निर्णय अजून स्वतःच घ्यावा लागतो. मराठीत गणित लिहिणारा कोणी 'मसावि' किंवा 'महत्तम' हे क्रियाचिन्ह जाहीर करील, तेव्हा त्याच्या खाली लिहिलेली गोष्ट ही सीमा आहे की नावाचाच भाग, हे त्याने ठरवायचे आहे. सीमा असेल तर आज्ञेपुढे तारा द्यावा, नसेल तर देऊ नये. त्या एका खुणेवरून पानावरची जागाही ठरेल आणि उद्या ते सूत्र मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राला 'पासून' म्हणायचे की 'पाया', याचा पहिला संकेतही मिळेल.